हात मांडीवर ठेवा

हॅलो. मी नरहरी सरांच्या ऑफिसातला काळा फोन बोलतोय. दचकू नका. आयुष्यभर लोकांचं बोलणं इकडून तिकडे पोचवलं, आज म्हटलं थोडं स्वतःचं बोलावं. मध्येच कुणा तिसऱ्याचा आवाज घुसणार नाही, याची हमी देतो. नोकरीत होतो तेव्हा ती हमी मला कधी देता आली नाही.

सत्तरच्या दशकात मी जन्मलो. जड काळं अंग, पोटात घंटा आणि गरगर फिरणारी डायल. पहिली नोकरी पालघरजवळच्या बर्फाच्या कारखान्यात, नरहरी सरांच्या वडिलांकडे. त्या काळी फोनसाठी नाव नोंदवून माणसं पोरं मोठी होईपर्यंत वाट बघायची. त्यामुळे मी आलो त्या दिवशी मला हार घातला, पेढे वाटले, नारळ फोडला. भक्ती एवढी उतू गेली की कुंकू थेट माझ्या तोंडाच्या भोकांत गेलं. पुढे बरेच दिवस मी घसा बसल्यासारखा बोलत होतो.

तिथे मी माणसांची एक सवय पाहिली. समोरचा जितका लांब, तितका आवाज मोठा. बंदरावरून बर्फ मागणारे असे ओरडायचे, की मला वाटायचं, यांना माझी गरजच काय?

वडील थकले, कारखाना बंद झाला. तोवर सरांच्या डोक्यात कॉम्प्युटर शिरला होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी बोईसरला औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी दोन खोल्या घेतल्या आणि मला टेबलावर बसवलं. कारखान्यांसाठी ते सॉफ्टवेअर बनवत. गोदामात माल किती, कामावर कोण आलं, कुठला ट्रक काय घेऊन बाहेर पडला, हे सगळं त्यात. कॉम्प्युटरने गेटपास छापला नाही, तर ट्रक फाटकाबाहेर पडत नसे.

सॉफ्टवेअर विकणं सोपं असतं. खरी गोष्ट विकल्यानंतर सुरू होते, आणि ती माझ्या घंटेने सुरू होते.

"माणूस पाठवा." प्रत्येक फोनचं पहिलं वाक्य हेच. प्रिंटर अडला, माणूस पाठवा. पडदा काळा झाला, माणूस पाठवा. हा माणूस म्हणजे एकनाथ. उंचापुरा, हसरा, मोटरसायकलवर टांग टाकून निघायचा. कारखान्यात त्याला चहा मिळे, समोसा मिळे, मान मिळे. कित्येकदा तो जाऊन नुसती वायर घट्ट बसवायचा आणि समोसा खाऊन यायचा. तोवर ट्रक मात्र फाटकापाशी उभेच.

मग शिरगावची पुष्पलता आली. पालघरच्या कॉलेजातून पदवी घेतलेली, चालणं वाऱ्यासारखं, बोलणं त्याहून वेगात. तिचं काम ठरलं होतं: मला उचलायचं, तक्रार ऐकायची आणि "माणूस पाठवतो" म्हणायचं. आठवडाभर तिने ते केलं आणि मग ती उठून सरांसमोर उभी राहिली.

"सर, निम्म्या तक्रारी इथे बसून सुटतील. लोकांना उगाच ताटकळत ठेवायचं हे बरोबर नाही."

एकनाथ मागून म्हणाला, "डॉक्टर फोनवरून सुई टोचतो का गं?"

"वायर बसवायला डॉक्टर लागत नाही," ती म्हणाली.

सर हसले, पण त्यांना पटलं नव्हतं. दिवाळीपर्यंत करून बघ, म्हणाले. नाही जमलं तर ही खुर्ची बंद. गिऱ्हाइकाला डोळ्यांसमोर माणूस लागतो. खुर्ची बंद म्हणजे पुष्पलता घरी, आणि मी सरांच्या केबिनमध्ये शोभेला. आम्हा दोघांचं नशीब एका वायरीला बांधलं गेलं ते असं.

सुरुवात वाईट झाली. ती विचारी, पडद्यावर काय आहे? उत्तर येई, "मला वाटतं मशिन बिघडलंय." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत लोक भलतीच बटणं दाबत. दाबली का म्हणून विचारलं तर शपथेवर नाही म्हणत. मला पलीकडची खटखट स्वच्छ ऐकू येई. चरफडून ती मला आपटायची. मी काही बोललो नाही, पण लागायचं.

एकदा तिचे वडील, दामू तांडेल, सुके बोंबील घेऊन ऑफिसात आले. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. एकनाथने बोंबलांचं पुडकं ताबडतोब आपल्या खणात सुरक्षित ठेवलं. दामूकाका लेकीची धडपड बघत बसले. तिने मला आपटल्यावर हसून म्हणाले, "पुष्पे, मी होडीत खय बसतो? मागं, सुकानावर. पुढचा खडक मना दिसतो काय? नाय. तोंडाशी बसलाय तो सांगतो, मी फिरवतो. पन त्याला बजावून ठेवलंय, दिसतं तं सांग, वाटतं तं सांगू नको. आन मी सांगेपर्यंत हात मांडीवर."

तिने ते शब्द वहीत लिहून घेतले. मग मला उचलून पुन्हा नीट, हळूच ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला तिचं पहिलं वाक्य ठरलं: "हात मांडीवर ठेवा. आता दिसतं ते वाचा." मोठमोठे मॅनेजरही आधी गोंधळत आणि मग खरंच हात मांडीवर ठेवत. खटखट थांबली. तक्रारी सुटू लागल्या. एकनाथचे समोसे कमी झाले, आणि त्याने ते मनाला लावून घेतलं. सर मात्र अजून मान डोलवत नव्हते. म्हणायचे, "वायरीबियरी ठीक आहे. खरं संकट येऊ दे, मग कळेल."

खरं संकट दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आलं.

सकाळचा भोंगा झाला आणि माझी घंटा सुरू झाली ती थांबेना. एकेका कारखान्यातून तीच तक्रार. रोज सकाळी एक फ्लॉपी, म्हणजे माहिती साठवलेली पातळ चौकोनी डिस्क, मशिनमध्ये घालायची, मगच गेटपास छापला जायचा. आज मशिन ती फ्लॉपी वाचायलाच तयार नव्हतं. वसाहतभर ट्रक अडले. एकनाथ पहिल्याच फोनला धावत गेला होता. त्याने तिथून कळवलं की हा व्हायरस आहे, सगळीकडे पसरलाय, प्रत्येक मशिन पुसून नव्याने भरावं लागेल. मशिन पुसायचं म्हणजे आतला मालाचा सगळा हिशोब गेला. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी पुष्पलताला सांगितलं, आता तुझी चौकशी बंद. सगळ्यांना एवढंच सांग, माणूस येतोय.

"एकटा एकनाथ एवढ्या ठिकाणी कधी पोचणार? खोटं कसं सांगू?" असं ती म्हणतेय, तेवढ्यात मी वाजलो.

पलीकडे झुंबर होता. नगरकडून येऊन सरावलीत भाड्याच्या खोलीत राहणारा, एका कापड कारखान्याचा गोदाम कारकून.

"बाई, माणूस धाडा."

"मी माणूसच आहे. हात मांडीवर ठेवा आणि दिसतं ते सांगा."

पडद्यावर जे होतं ते त्याने अडखळत वाचलं. तेच, फ्लॉपी वाचता येत नाही. मग तिने सांगितलं, फ्लॉपी बाहेर काढा आणि तिच्याकडे बघा. काय दिसतं?

"फ्लॉपीच दिसती की."

"तिच्यावर काय दिसतं?"

पलीकडे फ्लॉपी उलटसुलट केल्याचा आवाज आला. 

"थोडं कुंकू हाय," तो हळूच म्हणाला.

त्या वेळच्या फ्लॉपीला एक लांबट खिडकी असायची, तिथून आतली काळी तबकडी उघडी दिसे. मशिन तिथूनच वाचतं. झुंबरने नेमकं तिथे बोट टेकवलं होतं, कारण त्याच्या मते फ्लॉपीचं तोंड तेच. आणि सकाळी ते कुंकू घेऊन फ्लॉपी मशिनच्या पोटात गेली होती.

"दरसाल दसऱ्याला फिटर पाने मांडतो, वेल्डर त्याची टॉर्च मांडतो," झुंबर सांगू लागला. "म्या कारकून. म्या काय मांडू? हात हलवत उभा ऱ्हायचो. औंदा म्हनलं, आपल्याला बी हत्यार हाय."

 पुष्पलताला हसूही आलं असावं आणि आणखीही काही. मग तिचा वेग परत आला. प्रत्येक कारखान्याला आम्ही तशाच दोन फ्लॉप्या दिलेल्या असत. दुसरी कुठे आहे?

"ती घरी. बायकुला, गोजराबाईला दावायला नेली हुती. तिनं देव्हाऱ्यात ठेवली."

"तिने कुंकू लावलं?"

"पाकिटातनं काढू नको म्हनलं हुतं. आता काय केलं आसंल, तीच जाने."

"सायकल काढा आणि घेऊन या. फोन मात्र ठेवू नका, नुसता टेबलावर आडवा करा."

झुंबर पळाला. मी उघड्या कानाने त्या गोदामातलं ऐकत राहिलो. ड्रायव्हर करवादत होते, "अरे भाई, पास मिलेगा कि शाम यहीं करनी है?" कुणीतरी बिडी पेटवली. इकडे सर पुष्पलताच्या डोक्यावर उभे होते. लाइन एकच. ती अडली म्हणजे बाकीचे कारखाने आमच्यापर्यंत पोचणार नव्हते.

"ठेव तो फोन."

"सर, ठेवला तर पुन्हा लागेलच असं नाही."

"पुष्पलता, गिऱ्हाइकं जातील माझी. ठेव म्हणतो ना."

त्यांचा हात माझ्याकडे आला. बोट टेकवलं की लाइन तुटते, ती जागा तिने आपल्या तळव्याने झाकली. तळवा जराही हलला नाही. "आज मला घरी पाठवा हवं तर," ती म्हणाली, "पण तो येईपर्यंत नाही."

इतकी वर्षं मी माणसांचे कान तापवले. माझ्यावर कुणी असा हात ठेवला नव्हता.

सायकल आपटल्याचा आवाज आला. झुंबर धापा टाकत म्हणाला, "आनली. पाकिटावर अक्षता हायती, आत काय नाय."

मग एकेक पायरी. आधी मशिनचं तोंड धुवायचं. कपाटात एक पांढरी, साफसफाईची फ्लॉपी असते, ती अजून कोऱ्या पाकिटातच होती. औषधांच्या पेटीतलं स्पिरिट घ्या. त्या पांढऱ्या फ्लॉपीवर थोडंसं टाका. फ्लॉपी आत घाला. हात मांडीवर. आता बाहेर. आता गोजराबाईंची घाला. दिसतं ते वाचा.

झुंबर वाचू लागला आणि मध्येच थांबला. त्याच्या बोलण्याऐवजी माझ्यातून दुसराच आवाज आला: चर्रर्र, चर्रर्र. प्रिंटर गेटपास छापत होता. पुष्पलताने मला सरांच्या कानाला लावलं. पाठोपाठ पहिल्या ट्रकचं इंजिन घुरघुरलं. सरांनी खुर्ची ओढली आणि बसले.

"आता एकनाथला लाव," ते म्हणाले. "लवकर."

डायल एवढ्या जोरात कधी फिरली नव्हती. एकनाथ फोनवर आला, म्हणाला, बरं झालं, मशिन पुसायला घेतोच आहे.

"एकनाथ, हात मांडीवर ठेव."

"काय?"

"ठेव आधी. ठेवलास? आता तिथल्या कारकुनाला विचार, काल फ्लॉपीची पूजा केली का."

मागे कुजबुज झाली. मग एकनाथचं हसणं असं फुटलं की माझे कान बधिर झाले. "हळदपण लावलीय," तो म्हणाला. "पेढासुद्धा ठेवलेला."

दुपारपर्यंत ती स्वतःच एकेका कारखान्याला फोन करत राहिली; सगळीकडे कॉम्प्युटरचा हा पहिलाच दसरा होता. काल पूजा केली का, हा तिचा पहिला प्रश्न ऐकून लोक चकित होत. इथे बसून बाईंना कसं कळलं? संध्याकाळी एकनाथ आला, समोशांची पुडी टेबलावर ठेवली आणि दुसरी खुर्ची ओढून म्हणाला, "शिकव." खुर्ची बंद होण्याऐवजी दोन झाल्या.

सरांना सगळ्या कारखान्यांना ताकीद द्यायची होती, की कॉम्प्युटरची पूजा बंद. पुष्पलता पुन्हा उसळली. "सर, झुंबरला पहिल्यांदा वाटलं की त्याच्याही हातात हत्यार आहे. ते काढून घ्यायचं? त्यापेक्षा पूजेला एक कोरी फ्लॉपी देऊ." आणि तसंच झालं. दरवर्षी दसऱ्याआधी प्रत्येक कारखान्यात एक कोरी फ्लॉपी जाऊ लागली. वर चिठ्ठी: फक्त पूजेसाठी. कुंकू कुठेही लावा.

दिवस भराभर गेले. खुर्च्या वाढल्या. पुष्पलता आता सगळ्या विभागाची प्रमुख आहे, नव्या मुलामुलींना शिकवते. बटणांचे फोन आले, त्यांच्यावर थांबायला लावताना गाणंही वाजतं. माझी वायर काढली गेली. एकनाथने मला भंगाराच्या खोक्यात टाकलं होतं, तिथून तिने मला उचललं आणि त्याला चार शब्द ऐकवले. आता मी तिच्या टेबलाच्या कोपऱ्यात असतो. नव्या पोरांना तेच वाक्य शिकवलं जातं, ते ऐकत बसतो.

तुम्ही कधी कुणाला मदतीसाठी फोन कराल. पलीकडचा माणूस दिसत नाही म्हणून तो माणूस नाही असं समजू नका. वाटतं ते राहू द्या, दिसतं ते सांगा. आणि ओरडू नका, मला ऐकू येतं.

आज दसरा आहे. ऑफिसात सगळ्यांची हत्यारं टेबलावर मांडली आहेत, आणि मधोमध मला बसवलंय. यंदा पूजेचा मान नव्याने लागलेल्या हंसाला मिळाला. तिने कुंकवात बोट बुडवलं आणि मोठ्या भक्तीने ते माझ्या तोंडाच्या भोकांपाशी आणलं.

"हंसा," पुष्पलता म्हणाली, "हात मांडीवर."

सगळे हसले. एकनाथ सगळ्यात मोठ्याने. मग पुष्पलताने स्वतः बोट टेकवलं, बरोबर त्या जागी, जिथे त्या दिवशी तिचा तळवा होता.

बरं, ठेवतो आता.