उषाबाईचं सुतक

सुरतेत तापीपलीकडे अमरोलीच्या चाळीत राहणारी उषाबाई कतारगामला पांडुरंग अण्णांकडे कामाला लागली, तेव्हा दगा नावाचा तिचा नवरा वारून वर्षही झालं नव्हतं. अण्णा अमळनेरकडचे, मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम. घरात आजारी बायको आणि शाळेत जाणारा योगराज. भांडी आणि धुणं एवढंच ठरलं होतं. पण वहिनींनी अंथरूण धरलं तसा स्वयंपाक आपसूक उषाबाईकडे आला, आणि वहिनी गेल्यावर योगराजला ताप भरला की उशाशी बसायचं कामही तिच्याकडेच आलं. तिला ते कुणी सांगितलं नाही आणि तिनंही कधी विचारलं नाही. योगराज सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कारकून झाला, नूतन सून होऊन आली, त्यांना मुलगी झाली. मग अण्णांची उजवी बाजू लुळी पडली. जीभ जड झाली. जे काही बोलत ते अहिराणीत, आणि ते धड कळायचं फक्त उषाबाईला.

चौऱ्याण्णव साली गणपती विसर्जन होतंय न होतंय तोच शहरात प्लेगची बातमी पसरली. बघता बघता गल्ली रिकामी झाली. औषधाच्या दुकानांतल्या गोळ्या संपल्या. माणसं तोंडाला रुमाल बांधून, पोरंबाळं काखोटीला मारून स्टेशनकडे धावत सुटली. योगराजची मुलगी नेमकी खोकत होती, आणि त्या खोकल्यानं नूतनचा धीर सुटला होता. अण्णांना त्या गर्दीतून नेणं तर शक्यच नव्हतं.

"मावशी, या दोघींना गावी पोचवतो आणि उलट्या पावली परत येतो," योगराज म्हणाला. "तोवर अण्णांना..."

"जा तू. मी आहे ना," उषाबाई म्हणाली.

दुपारी तिचा स्वतःचा मुलगा आला. सुकलाल कापड विणायच्या लूमवर कामाला होता. लूम बंद पडले होते आणि तो आईला न्यायला आला होता. उंबऱ्याच्या आत मात्र त्यानं पाऊल टाकलं नाही.

"त्यासना बाप त्या टाकीसन गयात, अन् तू कसाले बसनी?"

"टाकीसन नही गयात. योगा येणार शे."

"अन् तुले काही व्हयनं तं? माले कोन शे?"

तीही माणूसच होती. सकाळपासून अण्णा जरा खाकरले तरी ती पदर नाकाशी नेत होती. पिशवी उचलावी आणि पोरामागं चालू लागावं असं तिला खरंच वाटलं. तेवढ्यात आतून अण्णांनी पाणी मागितलं. ती पाणी देऊन परत दारात आली, तर सुकलाल गल्लीच्या टोकाला पोचला होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

"उषा, तू बी जाय व," अण्णा म्हणाले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"अन् तुमले पानी कोन देई?"

अण्णांनी चांगल्या हातानं तिचा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

योगराज आला नाही. सुरतेहून आलेल्यांना गावकऱ्यांनी वेशीबाहेर शाळेत ठेवलं होतं आणि कुणालाच हलू देत नव्हते. त्यात मुलीला ताप भरला. उषाबाईला हे सगळं पुढं कळलं. तेव्हा ती फक्त वाट बघत होती. चूल पेटवायची, अण्णांना पुसून काढायचं, कूस बदलून द्यायची, आणि अधूनमधून दारात येऊन उभं राहायचं. गल्लीत कुत्र्यांशिवाय कुणी नसे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती अण्णांना पेज भरवत होती. त्यांचा श्वास वरवर लागला होता.

"योगा उना का?" त्यांनी विचारलं.

"हां, उना. हातपाय धुई राहिना."

अण्णांनी डोळे मिटले, एक घोट गिळला. दुसरा घोट ओठांच्या कोपऱ्यातून ओघळून उशीवर सांडला.

गल्लीत मागं राहिलेला एकच माणूस होता, टेम्पो चालवणारा भूपेंद्र. तो तोंडाला फडकं बांधून आला, पण दारातच थबकला.

"मासी, प्लेग तो नथी ने?"

"नाही रे बाबा. म्हातारपण."

तरीही अण्णांना आंघोळ घालून, नवं धोतर नेसवून तयार केलं ते तिनं एकटीनंच. भूपेंद्रनं नुसता बांबू जोडून तिरडीचा जुगाड केला आणि टेम्पो दाराशी लावला. अश्विनीकुमारच्या स्मशानघाटावरच्या माणसानं लांबूनच विचारलं, "दीकरो क्यां छे?" मुलगा इथं नाही, अशी भूपेंद्रनं मान हलवली आणि उषाबाईकडे पाहिलं.

दगा गेला तेव्हा तिला घराच्या उंबऱ्यावरच अडवलं होतं. बायका घाटावर जात नाहीत, असं दीर म्हणाला होता. नवऱ्याची चितासुद्धा तिनं पाहिली नव्हती. आणि आज पेटतं लाकूड तिच्या हातात होतं. "अण्णा, माफ करा," एवढंच ती पुटपुटली आणि चितेला अग्नी दिला.

भूपेंद्रची तार योगराजला उशिरा मिळाली. तो नूतन, मुलगी आणि आत्यांना घेऊन परतला, तेव्हा दहावं तोंडावर आलं होतं. उषाबाई फरशी पुसत होती. तो रिकाम्या खाटेपाशी जाऊन उभा राहिला.

"मावशी, अण्णा काही म्हणाले?"

"तुला विचारत होते."

"मग?"

"मी म्हटलं, आला म्हणून."

योगराज ओल्या फरशीवरच खाली बसला आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. उषाबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला स्वतःला मात्र रडू येत नव्हतं. मालकाचं दुःख हे घरच्यांचं, आपण कोण, असं तिला वाटत होतं. ती पुन्हा फडक्याकडे वळली तर नूतननं ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"ठेवा ते. तुम्हाला सुतक आहे."

"मला? मला कसलं सुतक?"

"आम्हाला आहे तेच. इथं बसा." नूतननं तिला भिंतीशी अंथरलेल्या सतरंजीवर आत्यांशेजारी बसवलं. आत्या जराशा सरकून बसल्या. एव्हाना परतलेल्या शेजारणीकडून जेवण आलं, त्यातलं पहिलं ताट नूतननं उषाबाईपुढं ठेवलं. या घरात तिनं हजारो ताटं वाढली होती. पण कुणी वाढलेलं ताट आपल्यापुढं येतं तेव्हा हात कुठं ठेवायचे, हेच तिला सुचेना.

दहाव्याला घाटावर भटजींनी विचारलं, अग्नी कुणी दिला? ज्यानं दिला त्यानंच पिंड द्यायचे, अशी रीत. आत्या लगेच म्हणाल्या, "मुलगा आलाय ना आता. कामवालीच्या हातचं पिंड नको."

"आत्या, शेवटचा घोट त्यांनी तिच्याच हातून घेतलाय," योगराज म्हणाला. त्याचं डोकं भादरलेलं होतं. "भटजी, मावशी बसेल. मी तिच्याशेजारी बसतो."

भटजी घुटमळले, मग त्यांनी दर्भ पुढं केला. उषाबाईच्या हाताखाली योगराजनं आपला तळवा लावला. दोघांनी मिळून पिंड ठेवला.

तेरावं उरकल्यावर ती अमरोलीला परतली. अंगावर नूतननं दुखवट्याचं म्हणून नेसवलेलं लुगडं होतं. लूम सुरू झाले होते, सुकलाल गावाहून आला होता. त्यानं लुगड्याकडे पाहिलं.

"मोठं काम करं तू. त्यासनी काय दिधं?"

"माले सुतकात धरं," ती म्हणाली.

"मंग मालेबी लागनं का सुतक?" त्यानं टोमणा मारला आणि आईच्या तोंडाकडे पाहिलं.

पदर तोंडात कोंबून उषाबाई रडत होती. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच. दम लागेस्तोवर रडली. सुकलाल दारातून आत येऊन तिच्याजवळ जमिनीवर बसला.