अर्धं भरलेलं पिंप

मित्रांनो, आधी नाक धरा, मग ऐका. मी नॉर्वेतल्या व्हॉस खोऱ्यातलं एक जुनं, पोट सुटलेलं लाकडी पिंप आहे. बिअर आंबवणं हे माझं काम. नाताळ असो की लग्न, गावाला पुरेल एवढी बिअर माझ्यात व्हायची आणि पहिल्याच घोटाला लोक माना डोलवायचे. घरापुरती थोडी करायची असली की कोपऱ्यातलं धाकटं पिंप काढत.

यंदा घरधनी टोरग्रिम गेला. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने बिअर करतात आणि ती तयार झाली की मगच दफन करतात. दफन झालं की पहिला कटोरा मुलाने रिकामा करायचा, मग इतरांनी प्यायचं. शहरातून मुलगा स्टाइनार आला. बिअरला लागणारे जव घरात थोडेच होते.

"धाकट्यात भर," त्याची आई ब्रिता म्हणाली.

"बाबांच्या बिअरला ते पिटुकलं पिंप? लोक तोंडात शेण घालतील!"

"अरे, मोठ्यात अर्ध्याच्या वर नुसती हवा राहील. फेस उतरला की हवा बिअर नासवते. जेवढी बिअर तेवढं पिंप. वर फेसापुरती जागा सोडली की झालं."

"तुझं आपलं काहीतरीच, आई!"

आणि ती बिअर माझ्याच पोटात आली. त्यातच आल्यागेल्याला माझा थाट दाखवायला तो सारखं झाकण उघडायचा. फेस बसला, बिअरवर पांढरी साय धरली आणि शिळ्या मोज्यांसारखा आंबूस दर्प सुटला. शी! माझीच मला शिसारी आली.

दफनानंतर सगळे जमले. पहिल्या घोटालाच स्टाइनारचं तोंड वेडंवाकडं झालं.

"टोरग्रिमला दुसऱ्यांदा मारलं की रे!" शेजारचा म्हातारा पुटपुटला.

"पी," ब्रिता म्हणाली. "मोठं पिंप हवं होतं ना? आता पी."

तो ओकारी दाबत प्यायला. अर्ध्यावर त्याला रडू फुटलं. तेव्हा ब्रिताने कटोरा त्याच्या हातातून घेतला आणि उरलेली घाण नाकसुद्धा न मुरडता पिऊन टाकली.

"त्यांच्या नावाचं आहे," ती म्हणाली. "टाकायचं नसतं."

मी आता अंगणात उलटं पडून आहे. कितीही घासलं तरी वास जात नाही. मित्रांनो, जवळ थोडं असेल तर लहान पिंप घ्या, त्यात कमीपणा नाही. मोठ्यात ओतून मिरवू नका. नासलेलं प्यायची पाळी शेवटी आपल्याच माणसावर येते.