पुरलेले डबे

बाबिकिरचे कान देवानं सोन्यासाठीच घडवलेत, असं नदीकाठच्या अबू हमद गावच्या बाजारात म्हणत, आणि स्वतः बाबिकिरला ते इतरांपेक्षा जरा जास्तच पटलेलं होतं. धातू शोधणाऱ्या यंत्राची तबकडी जमिनीलगत झाडूसारखी फिरवत तो चालायचा. हेडफोनमधली भुणभुण जराशी वर चढली की त्याचे पाय आपोआप थांबत. खिळा असला तर आवाज खरखरीत, पत्रा असला तर बोंब. सोनं मात्र लाजत बोलतं, असं तो सांगे. मग गुडघे टेकून खणायचं, माती मुठीमुठीनं तबकडीवरून फिरवायची आणि जी मूठ बोलेल तिच्यात मसुरीएवढा पिवळा दाणा शोधायचा.

कितीतरी हिवाळे वाळवंटात झिजवल्यावर यंदा काळ्या टेकड्यांतला हा कोरडा नाला त्याच्या हाती लागला होता. दाणे बारीक, पण रोज मिळणारे. सोबत होता फक्त तैफूर. भाचाही तोच, जावईही तोच, त्यामुळे त्याला दुप्पट बोलणी खावी लागत.

गुपित फुटलं तर दुसऱ्या दिवशी नाल्यात जत्रा भरते, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून गाडीमागे बाभळीची काटेरी फांदी बांधलेली असायची. ती चाकांच्या खुणा पुसत यायची. फोनमध्ये जागा साठवायची नाही, कारण फोन चोरीला जातात आणि जागा विकली जाते. तैफूरचा फोन बाबिकिरनं घरीच ठेवायला लावला होता. सगळ्यात अभिमान त्याला डब्यांचा होता. शिजवलेल्या शेंगांचे पत्र्याचे रिकामे डबे चेपून, जिथं जिथं टेकड्यांतल्या वाटेला दोन नाळी फुटतात तिथं खऱ्या नाळीच्या तोंडाशी वीतभर खोल पुरून ठेवलेले. डोळ्यांना काही दिसत नाही, यंत्राला मात्र ऐकू येतं.

"मामा, वरून एखादा दगड तरी ठेवू या," तैफूर म्हणाला होता.

"ठेव की. वर पाटीही लाव, 'या, बसा, सोनं घेऊन जा'!"

पाणी संपत आलं, तेव्हा तैफूरचं म्हणणं होतं की दोघंही जाऊ, भरून परत येऊ. पण आदल्याच दिवशी नाल्याच्या वळणावर चांगले दाणे लागले होते. बाबिकिरचा पाय निघेना.

"तू जा. मी तोवर वळण संपवतो. आणि बाजारातल्या चहावाल्या बाईपाशी बसून राहू नकोस."

गाडीत चढता चढता तैफूर काहीतरी म्हणाला. बाबिकिरनं हेडफोन आधीच कानावर चढवले होते. त्यानं नुसता हात हलवला.

तैफूर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत यायला हवा होता. दुपार टळली. बाबिकिरनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्यांतल्या निम्म्या आपल्याच आहेत हे विसरून. तिसऱ्या सकाळी शिव्याही आटल्या. कातडी पखालीत तळाशी थोडं पाणी उरलं होतं. जिवाला चाळा म्हणून तो नाल्याच्या तोंडाशी तबकडी फिरवू लागला आणि कानात एकदम बोंब उठली. त्यानं खणलं. त्यांचाच डबा होता, शेवटच्या खुणेचा.

त्यानं डबा हातात उलटसुलट फिरवून पाहिला. हा डबा ऐकायला यंत्र लागतं. आणि दोघांत असलेलं एकुलतं एक यंत्र त्याच्या स्वतःच्याच गळ्यात होतं.

घरून निघताना सुकैना, त्याची लेक, एवढंच म्हणाली होती, "बाबा, ह्याला वाटा लक्षात राहत नाहीत. लग्नाआधी आमचंच घर किती वेळा चुकला!" तेव्हा तो पोट धरून हसला होता. आता त्याला हसू आठवलं आणि स्वतःची लाज वाटली. बाहेर पडायला नदीची दिशा पुरते, पण आत येताना प्रत्येक टेकडी दुसरीसारखी. पोरगं पाणी घेऊन फिरत असेल, नाहीतर गाडी बंद पडून कुठंतरी उन्हात बसलं असेल. त्याची वाट पुसून टाकणारी फांदी आपणच बांधली होती.

त्यानं डबा वाळूनं घासून लखलखीत केला, दगडांची चळत रचली आणि उन्हात चमकेल असा वर ठेवला. मग पखाल खांद्याला लावून तो चालायला लागला.

प्रत्येक फाट्यावर तेच. ऐकायचं, खणायचं, घासायचं, उंचावर मांडायचं. प्रत्येक डबा मांडताना तो स्वतःशी चडफडत होता. आयुष्यात एकदा दैव उघडलं, आणि आपण स्वतःच्या हातानं गावजेवणाचं आमंत्रण देत सुटलोय! तरी हात थांबत नव्हते. एका फाट्याच्या अलीकडे कानात हलकासा, लाजरा सूर उमटला. सोनंच. पाय सवयीनं थांबले. बाबिकिर क्षणभर उभा राहिला, मग तबकडी उचलून पुढे निघाला. खुणेला रेघसुद्धा ओढली नाही.

ऊन उतरायला लागलं, तेव्हा टेकड्या संपून मैदान लागलं. शेवटचा डबा मांडून तो दगडांच्या सावलीत पडला. पखाल केव्हाच रिकामी झाली होती. डोळ्यांपुढे अंधारी येत होती, म्हणून समोरून येणारी गाडी त्याला आधी खरी वाटलीच नाही.

तैफूरनं त्याचं डोकं मांडीवर घेऊन ओठांना पाणी लावलं. पोराचे डोळे सुजून लाल झाले होते. "काल सकाळपासून एकेक नाळ धुंडतोय, मामा. पेट्रोल तळाला गेलंय. सगळ्या टेकड्या जुळ्या बहिणी! मघाशी इकडे काहीतरी चमकलं, म्हणून वळलो."

"यंत्र माझ्याकडे राहिलं," बाबिकिर पुटपुटला.

"मी निघताना तेच म्हणालो होतो. यंत्र द्या म्हणून. तुम्ही ऐकलं नाहीत."

मसुरीएवढं सोनं ऐकणाऱ्या माणसाला तैफूरच्या तोंडाकडे बघवेना. नंतर त्यानं पोराचा हात हातात घेतला आणि रडला, अगदी मोकळेपणानं.

बाबिकिर जरा सावरल्यावर तैफूरला मैदानात दूर दुसऱ्या गाड्यांच्या धुळीचे दोन लोट दिसले. त्या सोनं शोधणाऱ्यांनाही चमक दिसली होती. तो घाईनं उठला आणि चळतीवरचा डबा काढायला धावला.

"राहू दे तो," बाबिकिर म्हणाला.

"मामा, अहो, ते इकडेच येताहेत! सगळी वाट उघडी पडेल."

"पडू दे. त्यांच्यातही कुणाचा तरी जावई असेल."

तो हळूहळू उठला. गाडीमागची बाभळीची फांदी त्यानं सोडवली, गुडघ्यावर तिचे तुकडे केले आणि चहासाठी जाळ पेटवला.