प्लेटांच्या पाठीवर

माझा नवरा अमीन एखाद्या गोष्टीच्या मागे लागला की घरातल्यांची धडगत नसते. या खेपेला चिनीमातीच्या जुन्या प्लेटा. मोबाइलवर बघून बघून तो पाठीवरचे ठसे वाचायला शिकला. नुसतं ‘इंग्लंड’ असेल तर जुनी, ‘मेड इन’ असेल तर त्यामानानं अलीकडची. धुळ्यात कुणाकडे जेवायला गेलो तरी हा आधी प्लेट उलटी करतो. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आमच्या घरातल्या प्लेटांचा ठसा मात्र त्याला दिसत नव्हता. सासूबाई सुगराबी आणि शेजारच्या ललिताबाई यांनी जळगावच्या एका बंद पडलेल्या क्लबाच्या लिलावात मिळून त्या घेतल्या आणि निम्म्या निम्म्या वाटल्या. आमच्या गल्लीत दावत असो की बारसं, प्लेटा या घरून त्या घरी जातात, म्हणून ओळखीसाठी पाठीवर नेलपॉलिश लावायची रीत. दोघींनी ते नेमकं ठशावरच फासलं. सासूबाईंचं लाल, ललिताबाईंचं मोरपंखी. पुढे ललिताबाई मुलीकडे चाळीसगावला राहायला गेल्या, तेव्हा आपल्या प्लेटा सासूबाईंच्या हवाली करून गेल्या. ती अमानत. सासूबाईंनी त्यात कुणाला वाढू दिलं नाही.

दिवाळीनंतर ललिताबाई वारल्या. त्यांची सोनल प्लेटा न्यायला येते म्हणाली, तेव्हा सासूबाईंना हायसं वाटलं. आपण जायच्या आधी अमानत पोचती होतेय, असं त्या मला दोनदा म्हणाल्या.

आम्ही दोघी नशिराबादला लग्नाला जाऊन आलो, तर घरात थिनरचा वास. अमीनसमोर सगळ्या प्लेटा पालथ्या, नेलपॉलिश पुसून चकचकीत.

“देखो, ठप्पे में मुकुट निकला! सोनल को बताएंगे, उसकी माँ ने क्या चीज ली थी.”

सासूबाईंनी एक उचलली, मग दुसरी. “ललिता की कौनसी?”

“अम्मी, सबका ठप्पा एक है. गिन के आधी उसको दे देंगे.”

मला प्रचंड संताप आला. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

सोनल आली, पाणी प्यायली आणि लगेच प्लेटा उलटून बघायला लागली. अमीन मुकुटाचं सांगायला पुढे सरसावला. मी डोळे वटारले, तसा गप्प बसला.

“खाला, आईचा रंग कुठे गेला?” सोनलनं विचारलं. “आई सांगायची, मोरपंखी लावलाय, त्यात तिचं स्वतःचं बोट उमटलंय. मला ते बघायचं होतं.”

अमीनचा चेहरा उतरला. थिनरची बाटली अजून खिडकीतच होती.

सासूबाईंनी सगळ्या प्लेटा तिच्यापुढे सरकवल्या. “बठ्ठ्या तुन्याच शेतस, बेटा. लई जाय.”

“सगळ्या नकोत. आईची कोणती ते सांगा, मी एकच नेते.”

सासूबाईंनी एकेक प्लेट डोळ्याजवळ नेऊन पाहिली, नखानं खरवडून पाहिली. सोनल थांबली होती. मग तिनं आणलेली पिशवी रिकामीच घडी करून पर्समध्ये ठेवली, त्यांच्या पाया पडली आणि बसला निघाली.

ती गेल्यावर सासूबाई अमीनला एवढंच म्हणाल्या, “अब ऊपर ललिता को क्या मुँह दिखाऊं?”