हेंड्रिकच्या बासची भेग

१९७४च्या मे महिन्यात मद्रासहून मुंबईला निघालेला हेंड्रिक नावाचा डच वादक मध्येच सोलापूरला उतरला. गाडीच्या धक्क्यांनी त्याच्या डबल बासची मान निखळली होती. डबल बास म्हणजे माणसाहून उंच, उभ्यानं वाजवायचं व्हायोलिनच म्हणा. दोनच दिवसांनी मुंबईत त्याच्या वादनाचं रेकॉर्डिंग होतं. स्टेशनमास्तरांनी मला बोलावलं, कारण मी शाळेत इंग्रजी शिकवतो आणि ते मिरवायची संधी सोडत नाही.

मी त्याला मायाप्पा सुताराकडे नेलं. मायाप्पा देवाच्या पालख्या दुरुस्त करायचा.

"फक्त मान," हेंड्रिकनं तीनदा बजावलं. बासच्या पोटावर वीतभर भेग होती, तिला हात लावायचा नाही. तिच्यातून निघणाऱ्या घरघरीपायी एका वाद्यवृंदानं त्याला हाकललं होतं. मग तो काहीच आधी न ठरवता वाजवणाऱ्या जॅझवाल्यांत शिरला. अठरा वर्षं त्यानं ती घरघर सांभाळली, वाढवली. आता तिकडे लोक डोळे मिटूनही त्याला ओळखत.

हे सगळं मी मायाप्पाला सांगितलं. त्यानं होकारार्थी मान हलवली. हेंड्रिक माझ्या घरी जेवायला गेल्यावर मात्र मायाप्पा मला म्हणाला, "मास्तर, खंडित वस्तू देवाम्होरं ठेवत न्हाईत. मग पावण्याच्या हातात कशी द्यायची?"

मी त्याला अडवलं नाही. खरं सांगतो, मलाही वाटलं, घरघर ती घरघरच, गेली तर पाहुण्याचं भलंच होईल. एवढी मोठी अक्कल माझी!

दुसऱ्या दिवशी दुपारी मान घट्ट बसलेली होती. भेगही बुजलेली होती, सरस भरून, घासून, पॉलिश करून. बोटाला लागत नव्हती.

हेंड्रिकनं तार छेडली. गोल, स्वच्छ, गोड सूर निघाला. त्यानं पुन्हा छेडली, मग तारांवरून गज जोरात ओढला. सूर गोडच.

"पुन्हा फोडून घेऊ या?" मी घाबरून विचारलं.

"फोडून येत नाही ती घरघर," तो म्हणाला. "आता हे कुणाचंही वाद्य आहे."

मायाप्पा हात पुसत उभा होता. त्या गोड सुरानं त्याचे डोळे भरून आले होते. हेंड्रिकनं त्याच्याकडे पाहिलं आणि हात जोडले. माझ्याकडे त्यानं पाहिलंच नाही.

"काय म्हनला पावना?" मायाप्पानं विचारलं.



"लई खूश हाय," मी म्हणालो.