दोघांनी उचलायचं मशीन

धुळ्याहून साक्री रस्त्याने बाहेर पडलं की डाव्या हाताला कापसाची जुनी जिनिंग मिल लागते. मिल आता भाड्याने दिलेली आहे. तिच्या मागच्या बंगल्यात लताबाई एकट्या राहतात. बंगल्यामागे, कडुलिंबाच्या सावलीपासून थोडा लांब, पोहण्याचा तलाव आहे. आजूबाजूचे लोक त्याला टाकीच म्हणतात.

तो पोहण्यासाठी बांधलाच नव्हता. लताबाईंचे यजमान रतिलालनाना यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की रोज पाण्यात चालवा, पाण्यात अंगाचा भार कमी होतो. मुलगा ललित पुण्याहून आला आणि त्याने उन्हाळ्याच्या आत तलाव बांधून घेतला. पाणी छातीपर्यंत, एका बाजूला रुंद पायऱ्या, धरायला स्टीलचा दांडा. लताबाईंनी साठी उलटल्यावर आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस शिवून घेतले, कारण साडी नेसून पाण्यात चालता येईना. रोज सकाळी त्या नानांच्या कमरेला हात घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायच्या.

सफाईही त्याच करायच्या. आधी जाळीने पानं काढायची, मग लांब दांड्याच्या ब्रशने तळ घासायचा. नाना काठावर खुर्चीत बसून बघत. झटक्यानंतर त्यांचे बहुतेक शब्द गेले होते, चार-पाचच उरले होते. त्यातला एक शब्द होता ‘तठे’, म्हणजे तिथे. कुठे एखादं पान राहिलं, कोपऱ्यात माती दिसली की नाना डावा हात उचलून म्हणत, “तठे.” लताबाई तिकडे ब्रश नेत. “तठे.” “अहो, दिसतंय मला.” “तठे!” मग दोघंही हसत.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात नाना गेले. लोक म्हणाले, आता टाकी बुजवा. लताबाईंनी बुजवली नाही. सकाळी उठायच्या, जाळी घ्यायच्या, तळ घासायच्या. खुर्ची त्यांनी आत नेऊन ठेवली होती. कशासाठी करतेय, असं त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही स्वतःला विचारलं नाही. पण या हिवाळ्यात त्यांचा उजवा खांदा धरला. हात खांद्याच्या वर जाईना, ब्रशचा दांडा रेटता येईना. कामाला ठेवलेला माणूस आठवडाभर आला आणि सुरतेला निघून गेला. पाणी आधी गढूळ झालं, मग हिरवट.

ललितने व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं. “आई, मी सांगतो ऐक. माती भरून टाकू, वर लॉन करू. नाहीतर डास होतील.”

“नको.”

“मग ते आपोआप साफ करणारं मशीन घे. रोबोट. इथे आमच्या सोसायटीत आहे. जळगावला एक दुकान आहे बघ, तिथे ठेवलेले असतात. मी फोन करून ठेवू का?”

“मी बघते जाऊन,” लताबाई म्हणाल्या. जळगावला जायचं तर दिवस जाणार होता, आणि दिवस घालवायला काहीतरी हवंच होतं.

पारोळा, एरंडोल करत बस जळगावला पोहोचली तेव्हा ऊन चढलं होतं. दुकान दिपमाला नावाच्या बाईचं होतं, चाळिशीची असेल. आत क्लोरीनचा वास येत होता. तिने लताबाईंना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. टाकी केवढी? टाइल्स आहेत की नुसता रंग? जवळ झाड कोणतं? धूळ किती येते?

“कडुलिंब आहे. आणि धूळ विचारूच नका, मिलमधून कापसाची कस्पटंसुद्धा उडून येतात.”

दिपमालाने तीन मशीनं दाखवली. पहिल्याला लांब पाइप होता. तो फिल्टरच्या मोटारीला जोडायचा, मग मोटार ओढेल तसं ते तळावरून फिरतं. “पण कडुलिंबाच्या काड्या पाइपात अडकतील,” ती म्हणाली, “आणि लाइट गेली की ते जागेवरच. आमच्या जळगावातही नको, तुमच्याकडे तर नकोच.” दुसरं लहान होतं, बॅटरीवर चालणारं, उचलायला हलकं. ते फक्त तळ साफ करायचं, भिंतीवर चढत नव्हतं. तिसरं मोठं होतं. ते तळही घासायचं, भिंतीही घासायचं आणि पाण्याच्या कडेला जी तेलकट रेघ धरते तीही काढायचं. बारीक धुळीसाठी त्याला वेगळी जाळी होती.

“पोहतं कोण काकू घरात?” दिपमालाने विचारलं.

“आमच्या ह्यांना डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलंय,” लताबाई म्हणाल्या. सवयीने तसंच बाहेर पडलं. इतकी वर्षं याच प्रश्नाला हेच उत्तर दिलेलं.

“अरे वा. फरक पडला का?”

इथे खरं सांगता आलं असतं. पण समोरची बाई हातातलं काम थांबवून ऐकत होती, आणि नानांबद्दल असं कुणी बऱ्याच दिवसांत विचारलं नव्हतं. जाऊन इतके दिवस झालेल्या माणसाबद्दल लोक विचारत नाहीत.

“पडला तर. आधी मला धरून चालायचे, आता दांडा धरून चालतात,” त्या म्हणाल्या. “परवा तर दांडाही सोडला. मी ओरडले त्यांच्यावर.”

“पुरुष माणसं ऐकतात का!” दिपमाला हसली. लताबाईही हसल्या. मग त्या बोलतच राहिल्या. नानांना चहात साखर चालत नाही तरी कसे मागतात, पाण्यातून निघायला कसे नाही म्हणतात. यातलं काही खरं होतं, काही कधीच झालं नव्हतं. नानांनी दांडा कधी सोडला नव्हता.

“मग तुम्हाला मोठंच घ्यायला पाहिजे,” दिपमाला म्हणाली. “रोजचा वापर आहे, आजारी माणूस आहे, भिंतीवर शेवाळ नको. एकच गोष्ट, पाण्यातून काढताना हे जड होतं. काका नकोत, पण दुसरं कुणी आहे ना हात लावायला? दोघांनी उचलायचं.”

“आहे ना. आम्ही आहोत दोघं,” लताबाई म्हणाल्या.

परतताना त्यांनी बाजारातून भरताची वांगी घेतली. बसमध्ये खिडकीशी बसून त्यांना हलकं वाटत होतं. धुळं जवळ आलं तेव्हा पिशवीकडे लक्ष गेलं. वांगी दोन माणसांपुरती घेतली होती. त्या रात्री लताबाई जेवल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात मशीन घेऊन दिपमाला स्वतःच आली. धुळ्याला एका हॉटेलात तिचं काम होतं. ड्रायव्हरने खोकं मागच्या फाटकातून आत आणून ठेवलं आणि तो गाडीत चार्जिंगचं काहीतरी बघायला गेला. लताबाईंनी पाण्यात औषध टाकून हिरवेपणा आधीच घालवला होता, पण तळाशी गाळ बसला होता.

मशीन पाण्यात सोडलं. बुडबुडे काढत ते खाली गेलं, क्षणभर थांबलं आणि चालू लागलं. त्याच्या मागे निळ्या टाइल्सचा पट्टा उघडा पडत गेला. लताबाई काठावर उभ्या राहून बघत होत्या. कोपऱ्याजवळ जाऊन ते अलीकडूनच वळलं.

“तठे,” लताबाई एकदम म्हणाल्या. डावा हात वर गेला होता.

“काय म्हणालात?”

“काही नाही. कोपऱ्यात राहिलं.”

“घेईल ते, परत येईल. त्याला सांगावं लागत नाही, ते आपलं आपणच फिरतं.”

आणि ते आलंच परत. कोपरा घेतला, भिंतीवर चढलं, पाण्याबाहेर तोंड काढून कडेची रेघ घासली आणि पुन्हा खाली घसरलं. लताबाईंना ते आवडलंही आणि काही वेळाने त्याच्याकडे बघवेनाही. सांगायला काही उरलंच नव्हतं.

काम संपल्यावर दिपमाला म्हणाली, “काकांना बोलवा ना. कसं चालतं ते त्यांनाही दाखवते. आणि भेटही होईल, इतकं ऐकलंय त्यांच्याबद्दल.”

“झोपलेत ते,” लताबाई म्हणाल्या. दुकानात बोललेलं तोंडातून निसटलं होतं. हे मात्र त्यांनी ठरवून सांगितलं.

मग दोघींनीच मशीन उचललं. त्यातून पाण्याची धार लागली. लताबाईंच्या खांद्यातून कळ गेली, पण त्यांनी दात आवळले.

“हात धुवून घेऊ का आत?” दिपमालाने विचारलं, आणि लताबाई काही म्हणायच्या आत ती मागच्या दाराने घरात गेलीही.

पुढच्या खोलीत बेसिनजवळच नानांचा फोटो होता, मोठा, चंदनाचा हार घातलेला. खाली विझलेली उदबत्ती. नळाचा आवाज आला, मग थांबला. तरी दिपमाला बाहेर आली नाही. लताबाई दारातच उभ्या राहिल्या.

दिपमाला बाहेर आली तेव्हा तिने फोटोचा विषय काढला नाही. ओले हात ओढणीला पुसत ती म्हणाली, “काकू, महिनाभर वापरून बघा. नाही जमलं तर मी बदलून देईन. ते दुसरं आहे ना, हलकं. नुसता फोन करा.”

“बरं,” लताबाई म्हणाल्या. तिला सगळं समजलं, हे त्यांनाही समजलं होतं. गाडी गेल्यावर त्या बराच वेळ फाटकाशी उभ्या होत्या.

दर दोन-तीन दिवसांनी मशीन सोडायचं आणि काढायचं होतं. काढायला लताबाईंनी शेजारच्या मळ्यातल्या मंदाबाईंना हाक मारली.

“कसाले बलाय व अक्का?” मंदाबाई पदर खोचत आल्या. मशीन बघून त्यांनी तोंडावर हात ठेवला. “हाई काय शे माय? कासव शे का?”

दोघींनी हसत हसत ते बाहेर काढलं. लताबाईंनी चहा केला, मंदाबाई तासभर बसल्या, सुनेचं, गाईचं, नव्या बोअरचं सगळं सांगितलं. त्या गेल्यावर लताबाईंच्या मनात आलं की जड मशीन घेतलं तेच बरं झालं. निदान या निमित्ताने कुणी येईल. दुसऱ्या खेपेला त्यांनी पोहेही केले होते. मंदाबाईंनी मशीनला हात लावला, दोन घास उभ्यानेच खाल्ले. “वावरमा निंदनी चाली राहिनी अक्का, बठ्ठ्या बाया वाट देखी राहिन्यात.” तिसऱ्या खेपेला लताबाईंनी फाटकातून दोनदा हाक मारली. मंदाबाईंनी लांबूनच हात केला, “सकाय येसू!” आणि त्या बायांबरोबर कांद्याच्या वाफ्यांत वाकल्या.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना काम होतं.

लताबाई परत आल्या. मशीन पायऱ्यांजवळ येऊन थांबलं होतं. सकाळपर्यंत राहू दिलं असतं तरी चाललं असतं. पण त्यांना एकाएकी राग आला, मंदाबाईंचा नव्हे, कुणाचाच नव्हे. त्या पायरीवर उतरल्या, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि ओढलं. मशीन पाण्याबाहेर आलं, तसा त्याचा सगळा भार एकदम खांद्यावर आला. हात सुटला. मशीन पायरीवर आपटून पाण्यात गेलं आणि लताबाई तिथेच ओल्या पायरीवर बसल्या. साडी मांडीपर्यंत भिजली होती. कळ एवढी होती की डोळ्यांपुढे अंधारी आली. काही मोडलं नव्हतं. पण मोडलं असतं तरी कुणाला कळलं असतं, आणि कधी, हा विचार त्यांनी पहिल्यांदा पूर्ण केला.

ललितला फोन लावायला त्यांनी नंबर काढला. तो म्हणाला असता, मी म्हणत होतोच, बुजवून टाका. त्यांनी दुसरा नंबर लावला.

“दिपमाला, मी धुळ्याहून बोलतेय. मला ते हलकं मशीन पाठवा.”

“पाठवते काकू. हे उचलत नाही ना?”

“नाही उचलत. मी एकटीच आहे इथे. हे गेले, त्याला दोन वर्षं होत आली. मी तुम्हाला खोटं सांगितलं.”

“फोटो बघितला होता मी काकू,” दिपमाला म्हणाली. “विचारणं बरं वाटलं नाही. लागलं नाही ना तुम्हाला कुठे?”

“नाही. भिजले फक्त.”

एकटीच आहे, हे शब्द त्यांनी अजून कुणापुढे काढले नव्हते. लोकांना माहीत होतं म्हणून सांगायची वेळच आली नव्हती. फोन ठेवल्यावर त्यांना रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. आत जाऊन त्यांनी साडी बदलली, खांद्याला शेक दिला आणि दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरकडे गेल्या. हे काम त्या दोन महिने टाळत होत्या.

चार दिवसांनी ड्रायव्हर हलकं मशीन ठेवून मोठं घेऊन गेला. दिपमाला आली नव्हती, तिचं भुसावळला काम होतं. नवं मशीन लताबाईंना एकट्या डाव्या हाताने, आकडा लावलेल्या दांड्याने ओढून काढता यायचं. ते भिंतीवर चढायचं नाही, त्यामुळे पाण्याच्या कडेला रेघ धरायची. ती त्या काठावर बसून, हात जाईल तिथपर्यंत कापडाने पुसायच्या. जिथे हात जात नव्हता तिथे रेघ राहायची.

एका रविवारी ललितचा व्हिडिओ कॉल आला. “दाखव बरं टाकी,” तो म्हणाला. त्यांनी फोन पाण्याकडे वळवला. “मस्त झालंय की. मेमध्ये आम्ही येतो चार दिवस. पोरं पोहतील.”

“या,” लताबाई म्हणाल्या.

“तू जातेस का पाण्यात?”

“नाही रे. एकटीने काय जायचं.”

पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली. तो म्हणाला, “करतो परत,” आणि पडदा काळा झाला. लताबाईंनी मशीनची टोपली उघडली, त्यातली कडुलिंबाची पानं पपईच्या बुंध्याशी ओतली आणि मशीन सावलीत चार्जिंगला लावलं.