पडद्यामागून दिसलेला गद्दार

मित्रांनो, मी पडदा. खिडकीचा नव्हे, दाराचा तर नव्हेच नव्हे. मी सिनेमाचा पडदा! नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या एका विणकर गल्लीत माझा मुक्काम असतो. वय झालं आहे, पोटावर दोन-चार ठिगळं आहेत, पण मला बांधलं की आजही अख्खी गल्ली माझ्याकडे तोंड करून बसते. एवढा मान तुमच्या घरातल्या कुठल्या कापडाला मिळत असेल, असं मला वाटत नाही.

मला नानाजींनी हातमागावर विणलं. मागाची रुंदी बेताची, म्हणून त्यांनी दोन पट्टे विणले आणि त्यांच्या बायकोनं, कुसुमावतीबाईंनी, ते मधोमध जोडले. ती शिवण बरोबर नायकाच्या नाकावरून जाते, त्याला माझा इलाज नाही. पोत मात्र नानाजींनी मुद्दाम विरळ ठेवला. गल्ली अरुंद. मला आडवं बांधलं की निम्मी माणसं पुढे, निम्मी मागे. मागच्यांनाही चित्र दिसावं म्हणून ते खेळाआधी मला पाण्यानं चिंब भिजवत. ओल्या कापडातून उजेड आरपार जातो. मागच्यांना अक्षरं उलटी दिसत, पण मारामारी पाहायला अक्षरं कुणाला लागतात? नागपूरच्या उन्हाळ्यात ती अंघोळ मला तर फारच सुखाची वाटे.

नानाजींनी एक रीतही घालून दिली. खेळ संपला की ज्याला बोलायचं त्यानं आधी सिनेमातलं एक चांगलं सांगायचं, मग एक खोट. "नुसती खोट काहाडाची असन, त घरी जाऊन काहाड गा," असं ते म्हणत. या रीतीमुळे मी जेवढी समीक्षा ऐकली आहे, तेवढी वर्तमानपत्रवाल्यांनीही ऐकली नसेल.

मग घरोघरी टीव्ही आले, हातोहाती मोबाइल आले. नानाजी गेले. मी लोखंडी पेटीत डांबराच्या गोळ्यांच्या संगतीत पडून राहिलो. फार वाईट दिवस होते ते. आणि एके दिवशी पेटीबाहेरून नानाजींच्या नातवाचा, भूपेशचा आवाज आला. तो गल्लीतल्या मंडळाचा सचिव. त्यानं मंडळासाठी प्लास्टिकचा पांढराशुभ्र जाड पडदा आणला होता.

"आजीचा याच्यात जीव आहे म्हणून आणखी एक खेळ याच्यावर करू," तो म्हणाला. "मंग याचे पोतेरे करून टाकू."

पोतेरे! ज्या अंगावर घोडे दौडले, आगगाड्या धावल्या, त्या अंगानं फरशी पुसायची! मित्रांनो, माझा धागा न् धागा हादरला.

तो शेवटचा खेळ होता प्रणालीच्या सिनेमाचा. प्रणाली ही भूपेशची धाकटी बहीण, कळमेश्वरच्या एका कारखान्यात कामाला. सुटीच्या दिवशी मैत्रिणी आणि भाऊबंद गोळा करून तिनं मोबाइलवर एक हेरपट काढला होता. गोष्ट साधी. कारखान्यातून एका गुप्त यंत्राचा नकाशा चोरीला जातो. हेर झालेली तिची मैत्रीण काजल चोराला शोधते. कारखान्यातलाच कुणीतरी गद्दार आहे आणि त्याची खूण एकच, तो डावखुरा आहे. गद्दार झाला होता चुलतभाऊ अंकुश.

त्या संध्याकाळी मला पाण्यानं न्हाऊ घातलं आणि प्रणालीचा सिनेमा माझ्यावर सुरू झाला. मी जीव ओतून काम केलं. महाल भागातल्या बोळांतून स्कुटीचा पाठलाग असा रंगला, की पुढच्या रांगेतली माणसं वळणावर स्वतःही झुकत होती.

खेळ संपला आणि रीतीप्रमाणे बोलणं सुरू झालं. पुढच्या बाजूनं रुपराव पानवाले उठले.

"पाठलाग एक नंबर. काजल पोट्टी असून रडत नाही, डोकं चालवते, हेही चांगलं. पण महालात वळली अन् थेट तलावावर कशी निंघाली वं? अन् गद्दार कोन ते त मध्यंतरातच समजलं. अंकुशनं डाव्या हातानं चहा उचलला, तिथंच संपला तुमचा सस्पेन्स."

पुढची सारी बाजू हो हो म्हणाली. प्रणालीचा चेहरा उतरला. हेरपटात हेराच्या आधी प्रेक्षकालाच चोर सापडावा, याहून मोठी खोट कोणती?

तेवढ्यात माझ्या मागून शोभाताई बोलल्या. आवाज चढलेला होता. "गच्चीवरची मारामारी झकास. पण हे काय बनवून राहिली तू प्रणाली? अंकुशनं पूर्ण सिनेमाभर उजव्या हातानं चहा पेला, उजव्या हातानं सही केली. अन् शेवटी म्हनते, हाच डावखुरा! बाकी सारेच डावखुरे होते, तो एकटाच नव्हता."

"काकू, तुमचा डोळा लागला असन," पुढून कुणीतरी म्हणालं, आणि मग काय विचारता! पुढचे मागच्यांना आंधळे म्हणू लागले, मागचे पुढच्यांना खोटारडे. मी मधोमध लोंबकळत दोन्हीकडचा मारा सोसत होतो.

"या फाटक्या कपड्यानंच घोळ केला," भूपेश म्हणाला. "सोडा दोऱ्या."

एक दोरी सुटलीसुद्धा. माझा एक खांदा खाली आला. आता संपलंच आपलं, असं मला वाटलं.

"थांब दादा," प्रणाली म्हणाली. तिनं दोरी पुन्हा ओढून बांधली, चहाचा प्रसंग परत लावला आणि शोभाताईंना हाताला धरून माझ्याखालून पुढे आणलं. शोभाताईंनी पाहिलं. डावा हात. त्या वाकून पुन्हा मागे गेल्या. उजवा हात! त्यांनी पदर खोचला आणि पुन्हा एक खेप घातली.

मागून अक्षरं उलटी दिसतात, हे गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण अक्षरांबरोबर हातही उलटतो, हे इतक्या वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आधीच्या कुठल्याही सिनेमात त्यावाचून काही अडलं नव्हतं. पुढच्या बाजूला बसून वाढलेल्या प्रणालीच्या तर मनातही आलं नाही.

"म्हंजे," शोभाताई सावकाश म्हणाल्या, "त्या एकट्याले सोडून आम्ही साऱ्यायवर संशय घेतला. शेवटलोक पत्ता लागू देला नाही पोरीनं."

मग रुपराव उठले, आपली सतरंजी उचलली आणि माझ्याखालून वाकून मागे जाऊन बसले. "लाव वं पुन्हा. मलेही पाहू दे, मांगून कसा फसवते तो."

त्यांच्यामागे सारी पुढची बाजू निघाली. मागे पाय ठेवायला जागा उरली नाही. कुसुमावतीबाईंनी भूपेशकडे पाहिलं. "तुह्या नव्या पडद्यातून मांगून काय दिसन रे?"

"काहीच नाही," भूपेश म्हणाला. मग तो विहिरीवर गेला, बादली भरून आणली आणि स्वतःच्या हातानं मला पुन्हा भिजवलं. अहाहा! त्या पाण्यासारखं पाणी माझ्या अंगावर कधी पडलं नव्हतं. दुसरा खेळ पहिल्याहून रंगला. पुढे ज्या प्रसंगाला खोट म्हटलं, त्यालाच मागे टाळ्या पडल्या. पोतेऱ्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

तेव्हा मित्रांनो, कुठल्याही सिनेमाला चांगलंवाईट जरूर म्हणा, पण एकदा उठून पलीकडे बसून या. आणि माझ्यासारखं जुनं कापड घरात असेल तर त्याला वर्षातून एकदा तरी वारा दाखवा, सावलीत वाळवा, घडी बदलून ठेवा. आम्हाला एवढंच पुरतं.

प्रणाली आता दुसरा हेरपट काढते आहे. त्यातला गद्दार हसला की ओळखू येतो, कारण हसणं पुढून आणि मागून सारखंच ऐकू येतं.